निवडणे : वालाच्या शेंगेची पूर्वतयारी आणि एका क्रियापदाचा अर्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

माजिवडे किंवा माजिवडा हे नाव आज ठाणे शहरात बहुधा एका नाक्याचे नाव म्हणून उच्चारले जाते. मुंबईहून येणारा महामार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता यांच्या सांध्यावर ते वसलेले आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या माजिवडा-मानपाडा या प्रभाग समितीच्या नावातही ते टिकून आहे. परंतु नाक्यापूर्वी तेथे गाव होते व गावाला शेते होती. वस्ती मुख्यतः आगरी, पीक भाताचे. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घ्यावयाचा, ही ठाणे आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांतील जुनी रीत होय. माजिवड्याच्या परिसरातील ती शेते रस्त्यांखाली व इमारतींखाली गेली. वालाच्या शेंगा मात्र थंडीच्या दिवसांत बाजारात अजून येतात, आणि त्या विकत घेऊन घरी नेणाऱ्यापुढे जो पहिला प्रश्न उभा राहतो तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तो प्रश्न असा. पाककृतीच्या पुस्तकात किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास आढळते : ‘शेंगा निवडून घ्याव्यात.’ वाक्य सोपे आहे; त्यातील एकही शब्द अपरिचित नाही. असे असूनही या वाक्यावर विसंबून दोन माणसांनी दोन पदार्थ करावयास घेतले, तर एकाचा पदार्थ साधतो व दुसऱ्याचा बिघडतो. वालाच्या शेंगांची रस्साभाजी करणाऱ्याने ‘निवडणे’ म्हणजे देठ खुडणे, शिरा ओढणे आणि शेंग मोडणे असा अर्थ घेतला तर तो बरोबर आहे. त्याच शेंगांची पोपटी लावणाऱ्याने तोच अर्थ घेतला तर मडके उघडल्यावर हाती कोरड्या साली आणि होरपळलेले दाणे येतात. म्हणजे क्रियापद एक, कर्म एक, परंतु क्रिया दोन आणि त्या बव्हंशी परस्परविरोधी. हा भेद कोशात सापडत नाही व व्याकरणातही सापडत नाही. तो कोठे राहतो, आणि ज्यांच्या हाती तो होता त्यांचे काम बदलल्यावर त्याचे काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

२. शेंगेची नावे

प्रथम नावांचा विचार करणे सोयीचे होईल. वाल, पावटा आणि घेवडा ही तीन नावे मराठीत निरनिराळ्या वस्तूंची म्हणून वापरली जातात. तथापि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांतील बरेचसे प्रकार लॅबलॅब पर्प्युरियस या एकाच जातीत मोडतात. लिनीअसने १७५३ साली तिला डॉलिकॉस लॅबलॅब असे नाव दिले होते, आणि जुन्या मराठी शेतकी पुस्तकांत तेच नाव आढळते. ही वनस्पती भारतीय उपखंडात फार प्राचीन काळापासून लागवडीखाली आहे. संस्कृतातील ‘निष्पाव’ हा शब्द तिच्याच दाण्याला लावला जातो. वालाचा दाणा मराठी व्यवहारात किती मुरलेला होता याची साक्ष सोनाराच्या तराजूतही मिळते. ‘वाल’ हे सोने तोलण्याचे वजन होते. सामान्यतः तीन गुंजांचा एक वाल आणि बत्तीस वालांचा एक तोळा धरीत.

याउलट जिला फरसबी म्हणतात ती शेंग नवागत आहे. फॅसिओलस व्हल्गॅरिस ही जाती मूळची अमेरिका खंडातील. १४९२ नंतर ती जुन्या जगात पसरली. मराठीने या नवागत शेंगेचे स्वागत दोन मार्गांनी केले. एक मार्ग शब्द उसना घेण्याचा : इंग्रजी ‘फ्रेंच बीन’ मराठी जिभेवर ‘फरसबी’ झाला. दुसरा मार्ग घरच्या शब्दाला विशेषण जोडण्याचा : ‘घेवडा’ हा ओळखीचा शब्द घेऊन त्यापुढे श्रावण लावला आणि ‘श्रावणघेवडा’ सिद्ध झाला. त्याच जातीच्या वाळलेल्या दाण्याला सातारा जिल्ह्यात, त्याच्यावरील पट्ट्यांमुळे, ‘वाघ्या घेवडा’ म्हणतात. कोरेगाव तालुक्यातील या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या नामकरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘श्रावणघेवडा’ हे नाव देणाऱ्यांनी जातीचा विचार केला नाही, वापराचा केला. जी शेंग घेवड्यासारखी निवडतात, घेवड्यासारखी मोडतात आणि घेवड्यासारखी शिजवतात, ती घेवडाच. लोकभाषेतील वर्गीकरण हे पुष्कळदा हाताने केलेले वर्गीकरण असते. ते अशास्त्रीय नव्हे. त्याचा प्रश्नच निराळा असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ विचारतो, ही कोणत्या कुळातील? स्वयंपाक करणारी व्यक्ती विचारते, हिचे काय करावयाचे?

३. अवस्थेचे शब्द

नावापेक्षा अवस्थेचे शब्द अधिक महत्त्वाचे आहेत, कारण पूर्वतयारी त्यांच्यावरच ठरते. शेंगेच्या आयुष्याचे टप्पे मराठीत बऱ्यापैकी रेखीव शब्दांनी दाखविले जातात. दाणा धरण्यापूर्वीची शेंग ‘कोवळी’. दाणा वाढून साल ताणली गेली की ती ‘भरली’. साल चिवट झाली, दाण्याची साय कठीण झाली की ती ‘जून’ किंवा ‘निबर’. बाहेरून मोठी पण आत दाणा नाही ती ‘पोचट’. वेलावर सुकली ती ‘वाळली’. आणि यांखेरीज ‘पापडी’ हा शब्द आहे. दाण्यापेक्षा सालीसाठी जी खाल्ली जाते अशी चपटी, मऊ सालीची शेंग ती पापडी होय.

हे शब्द केवळ वर्णनात्मक नाहीत. त्यांतील प्रत्येक शब्द पुढच्या क्रियेची आज्ञा बरोबर घेऊन येतो. कोवळी शेंग मोडावयाची किंवा चिरावयाची. तिची साल खाद्य असते. भरलेली शेंग सोलावयाची व दाणे काढावयाचे, किंवा अखंड भाजावयाची. जून शेंगेची साल टाकावयाची. वाळलेल्या शेंगेचे दाणे भिजवावयाचे, मोड आणावयाचे आणि मग ‘सोलावयाचे’.

येथे ‘सोलणे’ या क्रियापदाचे वर्तनही तपासून पाहावे. ‘शेंगा सोलणे’ म्हणजे बाहेरची साल काढून दाणा मोकळा करणे. ‘वाल सोलणे’ म्हणजे मोड आलेल्या दाण्याचे पातळ टरफल, कोमट पाण्यात ठेवून, बोटांच्या चिमटीत दाबून काढणे. पहिल्या क्रियेत दाण्यावरचे आवरण शिल्लक राहते, दुसरीत तेच जाते. बिरड्याची तयारी या दुसऱ्या सोलण्यावर अवलंबून असते. कडव्या वालांच्या बाबतीत तर भिजविण्याचे पाणी फेकून देणे आणि टरफल काढणे या दोन्ही गोष्टींमुळे कडवटपणा बराच कमी होतो. म्हणजे ‘सोलणे’ याचा अर्थ कर्माच्या अवस्थेवरून ठरतो. कर्म हिरवे की वाळलेले, एवढे कळले की ऐकणाऱ्याला क्रिया कळते. ज्याला ते कळत नाही, त्याला कोश मदत करीत नाही.

४. शीर काढणे

भाजीसाठी शेंग निवडताना सर्वांत वेळ जातो तो शिरा काढण्यात. शेंगेच्या दोन कडांवरून, देठापासून टोकापर्यंत, चिवट तंतूंचे दोरे गेलेले असतात. वनस्पतीच्या दृष्टीने त्यांना प्रयोजन आहे. शेंग वाळली की याच सांध्यांवर ती उकलते आणि दाणे बाहेर पडतात. हे तंतू शिजून मऊ होत नाहीत. शेंगेच्या गरातील पेशींना जोडणारे पेक्टिन उष्णतेने व पाण्याने विरघळते, आणि म्हणून शेंग मऊ पडते. परंतु शिरेतील तंतू सेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असतात व घरगुती शिजवण्याला ते दाद देत नाहीत. म्हणून ते हातानेच काढावे लागतात. शेंगेचे टोक मोडावयाचे, पण पूर्ण तोडावयाचे नाही. मोडलेला तुकडा तसाच कडेने खाली ओढला की शीर त्याच्याबरोबर निघते. मग उलट्या बाजूने देठ मोडून दुसरी शीर काढावयाची. विळीने टोके उडविणाऱ्याला हे साधत नाही, कारण तोडलेल्या टोकाबरोबर शिरेचा शेंडाही जातो व धरावयास काही उरत नाही. यामुळे जुन्या घरांत ‘घेवडा चिरणे’ यापेक्षा ‘घेवडा मोडणे’ असा प्रयोग ऐकू येतो. तो निव्वळ शब्दाचा पर्याय नव्हे. शीर काढण्याचे तंत्र त्या क्रियापदातच साठविलेले आहे.

तंत्र नाहीसे झाले तरी शब्द काही काळ कसा टिकतो याचे उदाहरण इंग्रजीत मिळते. अमेरिकेत फरसबीला तिच्या शिरेवरून ‘स्ट्रिंग बीन’ म्हणत, म्हणजे ‘दोऱ्याची शेंग’. न्यूयॉर्क राज्यातील ल रॉय येथील कॅल्विन कीनी याने निवड करून बिनशिरेच्या जाती तयार केल्या, आणि त्यांतील एक जात बर्पी या बियाणे विकणाऱ्या कंपनीने १८९४ साली बाजारात आणली. पुढे बिनशिरेच्या जाती सर्वत्र झाल्या. शेंगेतील दोरा गेला, पण नावातला दोरा पुष्कळ वर्षे राहिला. आज भारतीय बाजारात मिळणाऱ्या फरसबीच्या अनेक जातींतही शीर नाममात्रच असते. याचा परिणाम असा की फरसबीवर हात बसलेल्या नव्या पिढीला ‘शीर काढणे’ हा अनावश्यक सोपस्कार वाटतो, आणि तीच सवय वालाच्या किंवा देशी घेवड्याच्या शेंगेला लावली की भाजीत दोरे राहतात. क्रियापद ज्या वस्तूबरोबर वाढले ती वस्तू बदलली की क्रियापदही सैल पडते.

५. पोपटी लावणे

आता दुसऱ्या ‘निवडण्या’कडे वळावयास हरकत नाही. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी, कोळी आणि इतर शेतकरी वस्त्यांत थंडीच्या दिवसांत, वालाच्या शेंगा भरू लागल्या म्हणजे, पोपटी लावतात. (रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पूर्वी कुलाबा असे होते, जुन्या साहित्यात शोध घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.) देशावर ज्वारीचा हुरडा ज्या भावनेने खाल्ला जातो त्याच भावनेने हा पदार्थ शेतात, शेकोटीभोवती, माणसे जमवून खाल्ला जातो. शेंगेच्या हिरव्या रंगावरून हे नाव पडले असे लोक सांगतात.

कृती थोडक्यात अशी. मातीचे मडके घ्यावयाचे. त्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरावयाचा. भांबुर्डा हे ब्लुमिया प्रजातीतील उग्र सुगंधाचे रानटी झुडूप. ते याच दिवसांत शेताच्या बांधावर उगवते. त्यावर शेंगांचा थर, जाडे मीठ आणि ओवा. मधल्या थरांत बटाटे, रताळी, अंडी आणि मांसाहारी पोपटी असल्यास मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. वर पुन्हा शेंगा. शेवटी मडक्याच्या तोंडात भांबुर्ड्याचा पाला घट्ट कोंबावयाचा आणि मडके जमिनीवर पालथे घालावयाचे. त्याच्याभोवती व वर पेंढा, काटक्या व गोवऱ्या रचून जाळ करावयाचा. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून पाहतात. चर्र असा आवाज होऊन थेंब तत्काळ उडाले की पोपटी झाली असे समजतात.

या कृतीत पाणी कोठेही घातलेले नाही, ही मुख्य गोष्ट होय. धुतलेल्या शेंगांना चिकटलेला ओलावा आणि शेंगेच्या व पाल्याच्या आतील पाणी एवढ्यावरच सर्व काही शिजते. मडके पालथे घालण्याचे कारणही यातच आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते. मडके पालथे असल्यामुळे ती बंद बाजूकडे, म्हणजे वर, साठते आणि हवेला खालच्या पाल्यातून बाहेर ढकलते. तोंड जमिनीशी असल्यामुळे ती जागा सर्वांत थंड राहते. तेथे पाला जळत नाही आणि बुचाचे काम देतो. आतील ओल संपेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या आसपास राहते. ओल संपली की शिजणे थांबते व जळणे सुरू होते. थेंबांच्या चाचणीने हा क्षण गाठण्याच्या आत जाळ आवरता येतो.

अशा मडक्यासाठी शेंगा ‘निवडावयाच्या’ म्हणजे काय करावयाचे? कोवळ्या, पोचट आणि किडक्या शेंगा बाजूला काढावयाच्या. भरलेल्या, पण निबर न झालेल्या, तेवढ्या ठेवावयाच्या. देठ खुडावयाचा नाही. शीर काढावयाची नाही. शेंग मोडावयाची तर मुळीच नाही. कारण उघड आहे. शिरेने बंद राहिलेली शेंग हे मडक्यातले मडकेच असते; दाणे तिच्यात स्वतःच्या ओलीवर वाफतात आणि साल ती ओल धरून ठेवते. शीर काढली की सांधा उकलतो, वाफ निसटते, मीठ थेट दाण्यावर बसते. भाजीत जी शीर दोष ठरते तीच पोपटीत गुण ठरते. ती काढण्याचे काम रद्द होत नाही. ते फक्त खाणाऱ्याकडे जाते. गरम शेंग बोटांनी दाबून दाणे तोंडात घ्यावयाचे व साल टाकावयाची, हीच पोपटीतील सोलण्याची क्रिया.

म्हणून ‘निवडणे’ याचा मूळ अर्थ, अनेकांतून योग्य ते वेगळे काढणे, पोपटीच्या संदर्भात शुद्ध स्वरूपात शिल्लक आहे. भाजीच्या संदर्भात तो अर्थ ‘अखाद्य भाग काढून टाकणे’ असा सरकला आहे. पहिल्यात निवड शेंगाशेंगांमधील, दुसऱ्यात एकाच शेंगेच्या भागांमधील. दोन्ही अर्थ एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच टोपलीबद्दल वापरले जातात आणि घोटाळा होत नाही. कारण बोलणाऱ्या दोघांनाही पुढे चुलीवर पातेले चढणार आहे की अंगणात मडके पालथे होणार आहे हे ठाऊक असते. क्रियापदाचा अर्थ भांड्यात आहे.

‘लावणे’ या क्रियापदाचेही असेच आहे. पोपटी ‘करीत’ किंवा ‘शिजवीत’ नाहीत, ती ‘लावतात’. भात लावणे, विरजण लावणे, कुकर लावणे या प्रयोगांशी त्याचे साम्य आहे. एकदा रचना करून दिली की पुढचे काम उष्णता आणि काळ यांच्यावर सोपवावयाचे, मध्ये हात घालावयाचा नाही, असा अर्थ या सर्वांत समान आहे. ज्या पदार्थात ढवळणे नाही, चाखणे नाही व झाकण उघडून पाहणेही नाही, त्याची सगळी विद्या आधीच्या तयारीत असते. भाजीत चूक झाली तर ती वाटेत सुधारता येते. लावलेल्या पदार्थात निवडतानाची चूक शेवटी कळते.

६. शेजारची नावे

पालथ्या मडक्याची ही पद्धत कोकणापुरती नाही. दक्षिण गुजरातेत वलसाडच्या परिसरात पापडी, कंद आणि ओवा घालून उंबाडियुं करतात; तेथेही मडके पालथेच असते. सुप्रसिद्ध ‘उंधियुं’ हे नाव तर गुजराती ‘ऊंधुं’, म्हणजे पालथे, या शब्दावरून आलेले आहे. आज शहरांत उंधियुं बहुधा पातेल्यात, तेलावर, सुलटेच शिजते; नावात मात्र मडके पालथे आहे. कोकणाने नाव शेंगेवरून दिले, गुजरातेने भांड्याच्या स्थितीवरून.

भांड्यावरून पदार्थाला नाव देण्याची प्रवृत्ती मराठीतही आहे. खापरावरची ‘खापरोळी’ हे तिचे एक उदाहरण. फ्रेंच ‘कॅसरोल’ हा शब्दही मुळात भांड्याचा. त्याची परंपरा उत्तरकालीन लॅटिनमधून ग्रीकमधील प्याला या अर्थाच्या शब्दापर्यंत नेली जाते. इंग्रजीत तो आधी झाकणाच्या खोलगट भांड्याला आणि मग त्या भांड्यात भट्टीत भाजलेल्या पदार्थाला लावला गेला. मराठी शहरी घरांत हाच शब्द तिसऱ्या अर्थाने आला : पोळ्या गरम ठेवण्याचा डबा. तेथे काहीच शिजत नाही. भांडे, पदार्थ आणि डबा असा हा प्रवास अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाला उपयोगी पडण्यासारखा आहे.

७. फरसबी आणि भट्टी

फरसबीचा कॅसरोल हा अमेरिकेतील सणासुदीचा पदार्थ. १९५५ साली न्यू जर्सीतील कॅम्डन येथे कॅम्बेल सूप कंपनीच्या पाकशाळेत डॉर्कस रायली आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला : शिजलेली फरसबी, अळंब्यांचे दाट सूप, दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेला कांदा. मूळ कृती डबाबंद किंवा गोठविलेल्या शेंगांच्या सोयीने रचलेली आहे. ताजी शेंग वापरावयाची झाल्यास तीत एक गृहीत दडलेले आढळते, आणि ते म्हणजे ‘शिजलेली’ हा शब्द.

भट्टीतील उष्णता कोरडी असते आणि सूप दाट असते. कच्ची शेंग त्यात घातली तर वरचा कांदा करपेपर्यंतही ती आतून मऊ होत नाही. म्हणून देठ व टोक काढून, शीर असल्यास ओढून, दोन-अडीच बोटांचे तुकडे मोडून शेंगा आधी भरपूर उकळत्या खाऱ्या पाण्यात टाकतात. साधारण पाच मिनिटांत त्या दाताला किंचित लागतील इतपत होतात. मग थंड पाण्यात काढून निथळतात. भांड्यावर झाकण ठेवीत नाहीत, कारण शेंगेतून निघणारी सौम्य आम्ले वाफेबरोबर निघून जावीत. ती कोंडली गेली तर हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते व हिरवा रंग मळकट होतो. पोपटीतील शेंगांचा रंग असाच उतरतो, पण तेथे साल खावयाची नसल्याने त्याची खंत कोणी करीत नाही. आम्लाचा दुसरा परिणाम असा की त्याने पेक्टिन लवकर विरघळत नाही. वालाच्या बिरड्यात आमसूल वाल शिजल्यावरच घालतात, त्याचे कारण हेच. निथळण्यात कसूर झाली तर शेंगांचे पाणी सूप पातळ करते.

यात केवळ चवीचा प्रश्न नाही. फॅसिओलसच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. कोवळ्या हिरव्या शेंगेत ते अल्प व भरलेल्या दाण्यात, विशेषतः राजम्यात, पुष्कळ. पूर्ण उकळीवर किमान दहा मिनिटे शिजविल्याने ते नष्ट होते; मंद आचेवर, उकळी न येता, तासन्‌तास ठेवल्याने होत नाही. वालाच्या कच्च्या दाण्यातही पचनाला अडथळा करणारे घटक असतात व तेही उष्णतेनेच निष्प्रभ होतात. म्हणजे फरसबीच्या कोवळ्या शेंगांसाठी लिहिलेली कृती जून घेवड्याच्या भरलेल्या दाण्यांना जशीच्या तशी लावणे सुरक्षित नाही. ‘कोवळी’ आणि ‘भरलेली’ या दोन विशेषणांतील अंतर येथे प्रकृतीचा विषय होते.

८. नोंदीची पद्धत

आगरी बोलीची नोंद ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ सालीच झालेली आहे. प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि स्वरांमधील ‘ड’च्या जागी ‘र’, हे तिचे उच्चारविशेष सुपरिचित आहेत. घोड्याचा ‘घोरा’ होतो तशी पापडीची ‘पापरी’ होते. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या बोलींच्या पाहणीने वर्णनाची शिस्त घालून दिली. परंतु ध्वनी आणि प्रत्यय यांची नोंद जितकी पक्की झाली तितकी कामाच्या क्रियापदांची झाली नाही. याचे एक कारण पद्धतीत आहे. क्षेत्रकार्यात वस्तू दाखवून ‘याला काय म्हणतात?’ असे विचारले की नाम मिळते. ‘याचे काय करतात?’ असे विचारले तरी बहुधा ‘निवडतात’ एवढेच उत्तर येते, आणि ते खरेही असते. त्या एका शब्दातील दोन क्रिया उघड व्हावयाच्या तर निवेदकाच्या हाती शेंगांची टोपली द्यावी लागते, एकदा पातेले व एकदा मडके पुढे ठेवून पाहावे लागते, आणि बोटे काय करतात ते लिहून घ्यावे लागते. क्रियापदाच्या नोंदीत कर्म, कर्माची अवस्था, भांडे आणि प्रयोजन अशी चार घरे असावीत. ‘निवडणे : शेंग, कोवळी, पातेले, भाजी’ ही एक नोंद, ‘निवडणे : शेंग, भरलेली, मडके, पोपटी’ ही दुसरी.

ही गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही. माजिवड्यासारख्या ठिकाणी पोपटीला लागणाऱ्या वस्तू एकेक करून दूर गेल्या आहेत : आधी वालाचे शेत, मग बांधावरचा भांबुर्डा, मग जाळ करण्याजोगे मोकळे अंगण. भांबुर्डा न मिळाल्यास केळीचे पान वापरतात, अंगण नसल्यास गावाकडे जातात. वस्तूंना पर्याय निघतात. शब्दाच्या बाबतीत धोका निराळा आहे. ‘निवडणे’ हा शब्द नाहीसा होणार नाही. तो रोज वापरात राहील व म्हणूनच त्यातला एक अर्थ गळाला हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. शब्द मेला तर कोशकाराला त्याची जागा रिकामी दिसते. अर्धा मेला तर दिसत नाही. ज्यांनी शेंगा दोन्ही तऱ्हांनी निवडल्या आहेत अशी माणसे ठाण्याच्या जुन्या गावठाणांत अजून आहेत. त्यांना प्रश्नावली पाठविण्यापेक्षा पौष महिन्यात एक टोपली शेंगा घेऊन त्यांच्या ओसरीवर बसणे अधिक फलदायी होईल.